२१ जून, दक्षिणायन आणि आपण: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जूनचा दुसरा आठवडा उजाडला की तेच प्रश्न येतात, कधी नातेवाईकांकडून, कधी ओळखीच्यांच्या ओळखीतून, आणि प्रत्येकाला वेगळं टाईप करून पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवलं. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. २१ जूनला नेमकं होतं काय? सर्वात मोठा दिवस एवढंच ना?

तेवढंच नाही. डिसेंबरच्या शेवटी सूर्य आग्नेयेला सरकून उगवत असतो, मग रोज थोडा थोडा उत्तरेकडे येतो, मार्चमध्ये बरोबर पूर्वेला उगवतो आणि जूनमध्ये ईशान्येकडे जाऊन थांबतो. मुंबईत २१ जूनला तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो, म्हणजे तुमच्या गॅलरीतून जानेवारीत ज्या बिल्डिंगमागून सूर्य यायचा ती बिल्डिंग आता भलतीकडेच राहिलेली असते. तिथून तो परत दक्षिणेकडे वळतो. हे वळणं म्हणजे दक्षिणायनाचा आरंभ. दिवस मोठा असणं हा त्याचा परिणाम आहे. मुंबईत हा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, दिल्लीत जवळजवळ चौदा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना चकित करते. सर्वात लवकरचा सूर्योदय २१ जूनला नसतो, आपल्याकडे तो जूनच्या सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो, आणि सर्वात उशिराचा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. दोन्हींमधलं अंतर मात्र २१ जूनलाच सर्वात जास्त.

वेळही दरवर्षी बदलते. आपल्या घड्याळाप्रमाणे २०२४ ला पहाटे २:२१, २०२५ ला सकाळी ८:१२, २०२६ ला दुपारी १:५४. दरवर्षी साधारण सहा तास पुढे सरकते आणि लीप वर्ष आलं की मागे येते.

२. एवढा महत्त्वाचा दिवस आहे तर मकर संक्रांतीसारखा सण का नाही?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. माझं मत सांगते. संक्रांतीला आकाश स्वच्छ असतं, पीक हाताशी आलेलं असतं, तीळगूळ करायला घरात वेळ असतो. २१ जूनला कोकणात आणि मुंबईत सूर्य दिसेल याची खात्री नाही, शेतकरी पेरणीत बुडालेला असतो, वारकरी वाटेवर असतो. अशा वेळी बसून सण कोण करणार.

पण सण नाही म्हणजे त्या वळणाची जाणीव नाही असं अजिबात नाही. ती जाणीव आसपासच्या दिवसांत विखुरलेली आहे. ज्येष्ठातली वटपौर्णिमा (२०२४ ला तर ती बरोबर २१ जूनलाच आली होती), निर्जला एकादशी, पुरीला ज्येष्ठ पौर्णिमेची जगन्नाथाची स्नानयात्रा, आषाढी, गुरुपौर्णिमा. २०२५ ला २१ जूनला ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या आणि त्या दिवशी योगिनी एकादशी होती. लाखो माणसं पावसात चालत असताना वर सूर्य दिशा बदलत होता, याहून मोठा सण कसा असतो मला तरी माहीत नाही.

३. दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र म्हणतात. मग हा सहा महिन्यांचा काळ वाईट का?

नाही. देवांची रात्र म्हणतात हे खरं, मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात आहे की माणसांचं एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस-रात्र, त्यात उत्तरायण हा दिवस आणि दक्षिणायन ही रात्र. पण रात्र म्हणजे वाईट हे आपण परस्पर जोडलेलं शेपूट आहे. रात्री आपण वाईट कामं करतो का? जेवतो, झोपतो, दिवसभराचं आठवतो, देवापाशी दिवा लावतो.

यादी करून बघा. आषाढी, गुरुपौर्णिमा, नागपंचमी, राखी, गोकुळाष्टमी, गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न, कार्तिकी, बहुतेक वर्षी दत्तजयंती, एवढं सगळं दक्षिणायनात येतं. आपलं अर्धंअधिक धार्मिक आयुष्य याच सहा महिन्यांत आहे, आणि त्याच काळाला अशुभ म्हणायचं हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

मी स्वतः याचा अर्थ असा घेते: उत्तरायणात माणूस बाहेर असतो, लग्नं, प्रवास, जत्रा, नवी कामं. दक्षिणायनात पाऊस त्याला घरात बसवतो आणि व्रत, वाचन, नेम, पितरांची आठवण ही आत वळायची कामं सुरू होतात. उजेड सर्वात जास्त असतो त्याच दिवशी तो कमी व्हायला लागतो आणि तिथूनच साधनेचा हंगाम सुरू होतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतो ना आपण, तसा इथून तो तिळातिळाने लहान होतो.

४. आमचे गुरुजी म्हणतात दक्षिणायन १६ जुलैला लागतं, कॅलेंडरवर २१ जून छापलंय. खरं कोणतं?

दोन्ही खरे, पण दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत. सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात म्हणून जरा सविस्तर.

आकाशात सूर्य प्रत्यक्ष वळतो तो २१ जूनला. याला सायन पद्धत म्हणतात. आपल्या राशी मात्र ताऱ्यांना धरून आहेत, ती निरयन पद्धत, आणि निरयन कर्क राशीत सूर्य १६ जुलैच्या आसपास जातो. पूर्वी या दोन गोष्टी एकाच वेळी व्हायच्या. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, एक फेरी व्हायला जवळजवळ २६ हजार वर्षं लागतात, त्यामुळे वळण्याचा बिंदू ताऱ्यांमधून मागे सरकत राहतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. आज हा फरक २४ अंशांच्या थोडा पुढे गेलाय, यालाच अयनांश म्हणतात, आणि म्हणून २१ जून आणि १६ जुलै यात पंचवीसएक दिवस पडतात. १४ जानेवारीची मकर संक्रांत आणि २१-२२ डिसेंबरचं खरं उत्तरायण यातला फरकही याच कारणाने.

हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं कृपया समजू नका. वेदांग ज्योतिष या फार जुन्या ग्रंथात लिहिलंय की सूर्य आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर दक्षिणेकडे वळतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सरळ लिहिलं की अर्ध्या आश्लेषेपासून दक्षिणायन हे एके काळी नक्कीच असणार कारण जुन्या शास्त्रात तसं सांगितलंय, पण सध्या ते कर्केच्या आरंभापासून होतं, आणि पुढे म्हणतो की फरक पडला तर प्रत्यक्ष बघून ठरवा. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांगतोय की जुन्या ग्रंथाचा मान ठेवा आणि आकाशाकडेही बघा. आज तोच बिंदू आणखी मागे येऊन मृग नक्षत्राच्या शेवटापाशी आलाय.

आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत (२२ मार्च १९५७ पासून लागू, मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून) २२ जून हा सौर आषाढाचा पहिला दिवस आहे, म्हणजे तिथे सायन गणित वापरलंय. कॅलेंडरवर जे 'सायन कर्क' आणि 'दक्षिणायनारंभ' दिसतं ते हेच.

५. मग पूजेच्या संकल्पात २१ जून ते १६ जुलै या काळात 'उत्तरायणे' म्हणायचं की 'दक्षिणायने'?

घरात जे पंचांग चालतं त्यात संकल्पासाठी जे अयन दिलंय ते म्हणा. महाराष्ट्रात बरेच जण सायन धरून 'दक्षिणायने' म्हणतात, काही घराण्यांत निरयन. गुरुजी जे म्हणतील ते मागून म्हणावं, चालू पूजेत वाद घालू नये. संकल्पाचा हेतू 'मी कुठे आहे, कुठल्या काळात आहे' हे भान ठेवणं आहे आणि ते भान दोन्हीत राहतं.

६. धर्मशास्त्रात २१ जूनच्या या सायन वळणाला काही मान आहे का, की ती फक्त खगोलाची गोष्ट?

आहे, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. मुहूर्तचिंतामणी हा ग्रंथ राम दैवज्ञाने काशीत १६०० च्या सुमारास लिहिला, आजही मुहूर्त काढणारे तोच उघडतात. त्यात संक्रांतीच्या प्रकरणात 'चल संक्रम' सांगितलेत. अयनांशाला साठाने गुणा, सूर्याच्या रोजच्या गतीने भागा, जेवढे दिवस येतील तेवढे दिवस नेहमीच्या संक्रांतीच्या आधी हा चल संक्रम असतो, आणि तो दानाला व जपाला बहुपुण्यदायक आहे असं स्पष्ट म्हटलंय. आजचा अयनांश घालून कर्केचा हिशोब केलात की बरोबर २१ जून येतो.

म्हणजे जुलैची कर्क संक्रांत तर आहेच, पण २१ जूनचा दिवसही स्नान, दान, जप यासाठी शास्त्राने मानलेला आहे.

७. मग त्या दिवशी घरी काय करावं? काही खास पूजा?

खास असा विधी नाही, आणि कुणी तुम्हाला महागडं पॅकेज सांगत असेल तर गरज नाही. सकाळी अंघोळ करून सूर्याला अर्घ्य, जमेल तेवढा गायत्रीचा किंवा तुमच्या इष्टदेवतेचा जप, आणि दान. दानात त्या ऋतूला लागणाऱ्या वस्तू द्याव्यात असं मला वाटतं, छत्री, रेनकोट, शाळा नुकत्या उघडलेल्या असतात म्हणून वह्या, वारीच्या वाटेवर असाल तर वारकऱ्यांना खाऊ किंवा औषधं. पितरांसाठी तर्पण करणाऱ्यांनी ते करावं. वर्षाच्या ९६ श्राद्धांची जी जुनी यादी आहे तिच्यात बाराही संक्रांती आहेत.

जुलैची कर्क संक्रांत पाळणार असाल तर एक लक्षात ठेवा, पुण्यकाळ संक्रमणाच्या आधीच्या ३० घटी म्हणजे १२ तास. मकरेला तो नंतर असतो, इथे आधी. लोक मकरेच्या सवयीने दुसऱ्या दिवशी करतात.

ढग असले तर? अर्घ्य ढगांतूनही पोचतं. पूर्वेकडे तोंड करा आणि द्या.

८. वेदांमध्ये या दिवसाचा उल्लेख आहे का, की हे सगळं नंतरचं?

उल्लेख आहे आणि अतिशय सुंदर आहे. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलंय की सूर्य सहा महिने उत्तरेला जातो, मग दक्षिणेकडे वळण्याआधी थांबतो. वर्षभर चालणारं 'गवामयन' नावाचं सत्र म्हणजे लांबलचक यज्ञ असायचा, त्याच्या बरोबर मधल्या दिवसाचं नाव विषुवान्, आणि कौषीतकीने हे थांबणं त्या दिवसाशी जोडलंय. ऐतरेय ब्राह्मणात पुढचं चित्र येतं. देवांना भीती वाटली की एवढ्या उंचावर गेलेला सूर्य स्वर्गातून खाली पडेल, म्हणून त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी आधार दिला, विषुवानाच्या आधीचे दहा दिवस आणि नंतरचे दहा दिवस, मधला तो एक, मिळून एकवीस.

आता ही गंमत बघा. सूर्य कळसाला पोचण्याच्या दहा दिवस आधीपासून दहा दिवस नंतरपर्यंत उगवण्याची जागा जेमतेम एक तृतीयांश अंश हलते, म्हणजे सूर्याच्या स्वतःच्या बिंबाच्या रुंदीएवढीसुद्धा नाही. नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाकडे रोज पाहणाऱ्या माणसाला तो खरोखर थांबल्यासारखाच दिसतो. ती एकवीस दिवसांची कथा वाचली आणि हा हिशोब करून बघितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण ज्याने ती रचली तो रोज पहाटे उठून बघत होता हे त्यात दिसतं.

वेदांग ज्योतिषात तर मापही आहे, सर्वात मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वात लहान १२. म्हणजे १४ तास २४ मिनिटं. हे महाराष्ट्राला लागू पडत नाही, वायव्य भारताच्या अक्षांशाला पडतं.

९. देवांची रात्र सहा महिन्यांची, पण विष्णू तर आषाढी ते कार्तिकी चारच महिने झोपतात. हिशोब जुळत नाही.

जुळतो, फक्त दोन वेगळी मापं आहेत. अयन सूर्यावर चालतं, चातुर्मास तिथीवर म्हणजे चंद्रावर. म्हणूनच आषाढी कधी जुलैच्या सुरुवातीला (२०२५ ला ६ जुलै) तर अधिक महिना आला की जुलैच्या शेवटी (२०२६ ला २५ जुलै) येते, अयन मात्र जागच्या जागी.

पण देवांच्या घड्याळात घालून बघा, मजा येते. आपलं वर्ष म्हणजे त्यांचे चोवीस तास, मग आपला एक महिना म्हणजे त्यांचे दोन तास. रात्र बारा तासांची. विष्णू संध्याकाळ झाल्यावर थोड्या वेळाने झोपतात, चार महिने म्हणजे आठ तास झोपतात आणि उजाडायच्या बरंच आधी उठतात. उरलेल्या रात्रीतले शेवटचे दोन तास म्हणजे, निरयन हिशोबाने, मकर संक्रांतीच्या आधीचा महिना, धनुर्मास, त्याला देवांची पहाट, ब्राह्ममुहूर्त मानतात. आपल्याकडे धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आत बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी असा नैवेद्य दाखवून जेवतात त्यामागे हीच कल्पना आहे. आजीच्या घरी जेवलो असाल तर तुम्ही देवांच्या पहाटे जेवलाय.

१०. वडील दक्षिणायनात गेले. गीतेत आहे की दक्षिणायनात गेलेल्याला मोक्ष नाही, परत यावं लागतं. आम्ही काही करायला हवं का?

हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी पाठवला त्यांना आधी एक सांगते, मनातली भीती काढून टाका. माझे आजोबा श्रावणात गेले तेव्हा दहाव्याला कुणीतरी हे वाक्य बोललं होतं आणि आजी पुढे कित्येक वर्षं ते उगाळत राहिली, म्हणून या उत्तरावर मी जास्त वेळ घालवलाय.

गीतेच्या आठव्या अध्यायात २४ आणि २५ वा श्लोक आहे, अग्नी, ज्योती, दिवस, शुक्लपक्ष, उत्तरायण ही एक वाट आणि धूर, रात्र, कृष्णपक्ष, दक्षिणायन ही दुसरी. लोक इथेच थांबतात. पुढचा २७ वा श्लोक वाचा, या दोन्ही वाटा जाणणारा योगी कधी मोहात पडत नाही, म्हणून अर्जुना, तू सर्व काळी योगयुक्त हो. सर्व काळी. तारीख बघून नव्हे.

ब्रह्मसूत्रांत तर हा प्रश्न थेट सोडवलाय, चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात विसावं सूत्र, 'अतश्चायनेऽपि दक्षिणे', म्हणजे दक्षिणायनात देह ठेवला तरी ज्ञानी माणसाला ज्ञानाचं फळ मिळतंच. भीष्म मग उत्तरायणासाठी का थांबले? शंकराचार्यांनी भाष्यात सांगितलंय की त्यांनी लोकाचाराचा मान राखला आणि वडिलांनी दिलेला इच्छामरणाचा वर दाखवून दिला. शिवाय या वाटेवरचे दिवस, पक्ष, अयन म्हणजे जीवाला पुढे नेणाऱ्या देवता आहेत असा अर्थ भाष्यकारांनी लावलाय, त्या सोबत करणाऱ्या आहेत, फाटकावर अडवणाऱ्या नाहीत.

आणि हे सगळं बाजूला ठेवा. ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला समाधी कधी घेतली? कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८. दक्षिणायन. नामदेव महाराज पंढरीत आषाढ वद्य त्रयोदशीला गेले. दक्षिणायन. माउलींनी स्वतः होऊन तो दिवस निवडला, त्यांना अयन कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

दहावं, बारावं, वर्षश्राद्ध नेहमीसारखं करा. वेगळी शांत करायची गरज नाही.

११. दक्षिणायनात लग्न, मुंज, गृहप्रवेश, वास्तू चालत नाही का?

ग्रंथात उत्तरायण चांगलं म्हटलंय, विशेषतः मुंज आणि देवप्रतिष्ठेसाठी. पण व्यवहारात आपण जे टाळतो ते मुख्यतः चातुर्मासातलं. तुळशीचं लग्न झालं की कार्तिक-मार्गशीर्षात धडाधड लग्नं होतात आणि ती बहुतेक सगळी दक्षिणायनातच असतात, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे २१ जून उलटला म्हणून लगेच जूनच्या शेवटचा मुहूर्त रद्द करू नका, पंचांगात मुहूर्त दिला असेल तर तो बघूनच दिलाय.

एक अपवाद मात्र सांगण्यासारखा. काही देवतांची स्थापना दक्षिणायनातच करावी असं वचन आहे: मातृका, भैरव, वराह, नृसिंह, त्रिविक्रम आणि महिषासुरमर्दिनी. उग्र देवतांना रात्रीचा काळ. जुन्या निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्राची वचनं एकत्र केलेल्या ग्रंथांत, हे येतं, आणि धर्मसिंधू हा त्यातला आपल्या घरचा ग्रंथ, काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी पंढरपुरात १७९० मध्ये पुरा केलेला. गावच्या भैरोबाच्या मंदिराचा जीर्णोद्धार काढला असेल तर तिथल्या गुरवाला आणि गुरुजींना हे जरूर विचारा.

१२. योग दिन २१ जूनलाच का? आदियोगी शिवाने त्या दिवशी योग शिकवला हे खरं का?

२७ सप्टेंबर २०१४ ला पंतप्रधान मोदींनी संयुक्त राष्ट्रांत ही सूचना केली, ११ डिसेंबर २०१४ ला ठराव झाला आणि २०१५ पासून तो साजरा होतो. तारीख निवडली ती उत्तर गोलार्धातला सर्वात मोठा दिवस म्हणूनच.

शिवाने या वळणानंतर सप्तर्षींना योग दिला आणि त्यानंतरची पौर्णिमा ती गुरुपौर्णिमा, ही कथा सध्या योगसंस्थांमधून खूप सांगितली जाते. हल्ली ती ज्या तारीखवार रूपात ऐकू येते ते अलीकडचं सांगणं आहे. मूळ कल्पना मात्र जुनी, दक्षिणेकडे तोंड करून वडाखाली बसलेला, न बोलता शिकवणारा दक्षिणामूर्ती. आपल्याकडे गुरुपौर्णिमेला व्यासपौर्णिमा म्हणतात, तो मान व्यासांचा आहे.

१३. शेतकरी तर मिरग-आर्द्रा बघतात. त्याचा याच्याशी संबंध?

थेट. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो तो मिरग, आणि २१-२२ जूनला आर्द्रेत. सध्या अयनाचं वळण आणि आर्द्रा एकमेकांना खेटून आलेत (का ते प्रश्न ४ मध्ये). आर्द्रा म्हणजेच ओली. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं, बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस चांगला, ही चर्चा अजून गावच्या पारावर होते, आणि शेवटी पार 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' इथपर्यंत जाते.

आसामात कामाख्येला याच आर्द्रा प्रवेशाला अंबुबाची असते, पृथ्वी रजस्वला झाली असं मानून मंदिर तीन दिवस बंद, शेतात नांगर नाही. ओडिशात त्याच्या आठवडाभर आधी मिथुन संक्रांतीला रज पर्व, तिथेही जमिनीला विश्रांती आणि मुलींना झोपाळे. जमिनीलाही बाई समजून तिची काळजी घेणारी ही परंपरा, मला या सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

१४. २१ जूनला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो ना? सावली नाहीशी होते?

महाराष्ट्रात नाही. त्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो तो कर्कवृत्तावर, आणि ते आपल्या राज्यातून जातच नाही. पुण्या-मुंबईत सावली नाहीशी होते मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी, आणि मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट होते, दुपारची सावली दक्षिणेला पडते. वर्षभर उत्तरेला पडणारी सावली! पुण्यात २१ जूनला साडेबाराच्या पाचसहा मिनिटं पुढे, एक मीटर काठी उभी केलीत तर साडेआठ सेंटिमीटरची छोटी सावली दक्षिणेकडे दिसेल. आम्ही गच्चीवर चार वर्षं प्रयत्न केला, तीन वर्षं ढग होते, चौथ्या वर्षी पाच मिनिटं ऊन आलं आणि पोरांनी खडूने ती सावली आखून ठेवली.

पूर्ण नाहीशी झालेली बघायची तर उज्जैनला जा. सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतला शंकू, म्हणजे सावली मोजायचा उभा दांडा, २१ जूनला दुपारी १२:२८ च्या सुमारास बिनसावलीचा होतो. जवळच कर्कराजेश्वराचं मंदिर आहे, ते कर्कवृत्तावर आहे अशीच तिथली श्रद्धा.

१५. कोल्हापूरचा अंबाबाईचा किरणोत्सव याच्याशी जोडलेला आहे का?

अयनाशी आहे, पण दुसऱ्या टोकाच्या. तो नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा होतो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर मोजा, ४१ दिवस. २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी मोजा, पुन्हा ४१. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो त्याच जागी परत येताना मावळतो, म्हणून किरणं दोनदा आईच्या पायापासून वर चढतात.

१६. देव मेरूवर राहतात, मेरू म्हणजे उत्तर ध्रुव. तिथे २१ जूनला तर भर दुपार असते! मग देवांची रात्र त्या दिवशी कशी सुरू होईल?

शाब्बास, हा प्रश्न खुद्द भास्कराचार्यांनी घेतलाय, ११५० मध्ये. ध्रुवावर सूर्य मार्चच्या संपाताला (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा) उगवतो आणि सप्टेंबरच्या संपाताला मावळतो, म्हणजे २१ जून हा तिथला माध्यान्ह, हे त्यांना गणिताने पक्कं माहीत होतं. मग संहिताकार, म्हणजे फलज्योतिषाचे ग्रंथ लिहिणारे, उत्तरायणाला देवांचा दिवस का म्हणतात? त्यांचं उत्तर असं की सूर्य दिवसाकडे तोंड करून निघाला की त्यालाच दिवस मानलं आणि रात्रीकडे वळला की रात्र, फल सांगण्यासाठी. बाजू बदलते ती तोंड वळतं तेव्हा, अंधार पडतो तेव्हा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला, जिथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, उभारलेल्या मठाचा शिलालेख आहे, तिथे उभं राहून मी हा श्लोक मोठ्याने वाचलाय.

प्रश्न ३ चं आणि या प्रश्नाचं उत्तर एकत्र वाचलंत तर दक्षिणायनाचा अर्थ नीट उलगडतो, भर दुपारी, पूर्ण उजेडात, देव आत वळतात.

१७. गोव्यात २४ जूनला सांजांव असतो, तोही सूर्याचा सण का?

तो ख्रिस्ती सण, संत जॉनचा जन्मदिवस, नाताळच्या सहा महिने आधीचा. युरोपात याच दिवसांत उन्हाळ्याच्या मध्याचे जुने उत्सव होते त्यामुळे तारखा शेजारी आल्या. गोव्यात त्याला पावसाचं रूप आलं, डोक्यावर कोपेल म्हणजे पानाफुलांचा मुकुट, भरलेल्या विहिरीत उड्या आणि नव्या जावयाचा मान. हिंदू अयनविधीशी त्याचा संबंध नाही.

१८. २१ जून २०२० ला सूर्यग्रहण होतं. अयन आणि ग्रहण एकत्र आलं तर काय करायचं?

तेव्हा कुरुक्षेत्र, देहरादून भागात कंकणाकृती दिसलं, मुंबईत खंडग्रास. अशा वेळी ग्रहणाचे नियम आधी, स्पर्शाला (ग्रहण लागताना) स्नान, मध्ये जप, मोक्षाला (ग्रहण सुटल्यावर) पुन्हा स्नान आणि दान. अयनाचं दान त्यातच होतं, वेगळं काढायला लागत नाही. आपल्या गावी ग्रहण दिसणारच नसेल तर पाळायचं नाही.

१९. आम्ही मेलबर्नला आहोत, इथे २१ जूनला सर्वात लहान दिवस आणि कडाक्याची थंडी. आमचं उत्तरायण समजायचं का?

नाही, दक्षिणायनच. अयन म्हणजे सूर्याची दिशा, आणि तो मेलबर्नहून बघा की मिरजेहून, जात दक्षिणेकडेच आहे. तुमच्या बाबतीत फक्त तो तुमच्याकडे येतोय. उलटा होतो तो ऋतू. संकल्पात बरेच जण भारतातलाच ऋतू म्हणतात, काही गुरुजी स्थानिक ऋतू म्हणतात, तुमच्या तिथल्या गुरुजींची जी रीत असेल ती धरा.

तिथी, एकादशी, सूर्योदय मात्र तिथल्याच वेळेने बघा, भारतातलं पंचांग घड्याळ बदलून वापरू नका. अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा की तुमच्याकडे हे वळण पुष्कळदा २० जूनला पडतं, क्षण एकच, तारीख वेगळी. आणि लंडनवाले, तुमच्याकडे दिवस साडेसोळा तासांच्याही पुढे जातो, निर्जला एकादशी त्या आसपास आली आणि घरात म्हातारं माणूस किंवा शुगरचा पेशंट असेल तर त्यांना पाणी आणि फळं देऊन टाका.